हातून, हातचे आणि करवत नाही : स्वयंपाकातील मनःस्थिती व मराठी वाक्यरचना

स्वयंपाक करणारीचे मन ठिकाणावर नसले की अन्न बिघडते, ही समजूत आपल्या घराघरांतून इतकी रुळलेली आहे की तिचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. आमटी खारट झाली की ‘आज लक्ष कुठे होते?’ असा प्रश्न येतो. नवीन आणलेले मीठ अधिक बारीक होते काय, असा प्रश्न येत नाही. प्रस्तुत लेखात या समजुतीचा विचार दोन अंगांनी करावयाचा आहे. मनःस्थिती अन्नात उतरत असेल तर ती कोणत्या वाटेने उतरते, हा पहिला प्रश्न. आणि मराठी भाषा त्या वाटेची नोंद कशी ठेवते, हा दुसरा. पहिला प्रश्न वास्तविक पाकशास्त्राचा व मानसशास्त्राचा आहे. तथापि त्याला बगल देऊन दुसऱ्याकडे वळता येत नाही. कारण ज्या क्रियापदांचा आपणांस विचार करावयाचा आहे ती क्रियापदे चुलीपाशीच घडलेली आहेत.

प्राचीन ग्रंथांतून या समजुतीला आधार शोधू गेल्यास थोडी निराशा पदरी येते. चरकसंहितेच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराचा विचार करताना प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत ‘करण’ म्हणजे द्रव्यावर होणारा संस्कार आहे आणि ‘उपयोक्ता’ म्हणजे खाणारा आहे. पण संस्कार करणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्र स्थान नाही. चिंता, शोक, भय आणि क्रोध यांमुळे अन्न पचत नाही असे चरक म्हणतो, ते खाणाऱ्याच्या चिंतेविषयी आणि क्रोधाविषयी. सुश्रुताच्या कल्पस्थानात राजाच्या पाकशाळेवर नेमावयाचा वैद्य क्रोधरहित असावा असे सांगितले आहे खरे, परंतु तेथे भीती विषप्रयोगाची आहे, चवीची नव्हे. धर्मशास्त्रात मात्र ‘भावदुष्ट’ हा शब्द सापडतो. वसिष्ठ धर्मसूत्राच्या चौदाव्या अध्यायात वर्ज्य अन्नाच्या यादीत शिळ्या अन्नाच्या शेजारीच भावदुष्ट अन्न ठेवलेले आहे. हा दोष अन्नाच्या द्रव्याचा नाही. ते ज्या मनाने दिले किंवा घेतले जाते, त्या मनाचा आहे. विदुराच्या कण्या आणि सुदाम्याचे पोहे ही कीर्तनकारांची आवडती उदाहरणे याच दोषाची उलट बाजू दाखवितात. तेथेही भावाने अन्नाचे मोल बदलते. पोह्यांची चव बदलली असे कोणी म्हणत नाही. या भेदाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. स्वयंपाकातील सर्वच कृतींना मनाचा सारखा स्पर्श होत नाही. वरण शिजत ठेवले की ते पाण्याच्या उत्कलनबिंदूवर शिजत राहते. करणारी आनंदात असो की दुःखात, पाणी सुमारे १०० अंश सेल्सियसच्या वर जात नाही. फोडणीचे तसे नाही. तेल तापणे, मोहरी तडतडणे, जिरे फुलणे, हिंग आणि हळद पडणे आणि त्यावर भाजी लोटणे या सर्व गोष्टी काही क्षणांत उरकावयाच्या असतात. घाईत असलेली बाई तेल पुरते तापण्यापूर्वीच मोहरी टाकते; ती तडतडत नाही आणि दाताखाली कच्ची, कडवट लागते. विमनस्क बाई तेलाकडे पाहत उभी राहते; मोहरी काळी पडते, हळद जळते आणि सबंध भाजीला करपट वास येतो. राग आणि विषाद हे दोन्ही ‘वाईट मनःस्थिती’ या एकाच नावाखाली मोडत असले तरी कढईत त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध होऊ शकतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मनःस्थिती पदार्थात उतरण्याची ही पहिली वाट : कालाची.

कांदा परतण्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. कांद्यात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते. ते पाणी निघून जाईपर्यंत कांद्याचे तापमान उकळत्या पाण्याच्या आसपासच रेंगाळते. आणि ज्या प्रक्रियेमुळे तो तांबूस होऊन खमंग लागतो ती, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली प्रक्रिया, १४० अंशांच्या आसपास खरा वेग घेते. म्हणजे कांदा परतण्यात जो वेळ जातो त्यातील बराचसा नुसते पाणी आटण्याची वाट पाहण्यात जातो. धीर सुटलेला माणूस येथे आच मोठी करतो. कडा जळतात आणि गाभा कच्चा राहतो. ‘मन लावून केलेली भाजी’ या प्रयोगात जी स्तुती आहे ती पुष्कळ अंशी या वाट पाहण्याची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी वाट हाताच्या मापाची. आपल्या स्वयंपाकातील परंपरागत मापे पाहिली तर चिमूट, बोटभर, मूठ, पसा, ओंजळ ही सारी शरीराची मापे आहेत. चिमूट किती मोठी हे बोटांच्या ताणावर अवलंबून असते. शिवाय ज्या घरांत नैवेद्यापूर्वी अन्न चाखावयाचे नाही असा दंडक असे, आणि काही घरांत तो अद्याप आहे, तेथे मिठाचा अंदाज जिभेने घेण्याची सोयच नव्हती. तो हाताने आणि डोळ्यांनीच घ्यावा लागे. ‘हाताला चव असणे’ हा वाक्प्रचार नुसता आलंकारिक समजण्यापूर्वी हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या स्वयंपाकघरात जिभेला मज्जाव आहे तेथे चव खरोखरच हातात असावी लागते.

भाकरीत काल आणि हात या दोन्ही वाटा एकत्र येतात. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो. कढत पाण्याने पीठ मळून आणि लगेच थापून ती भाकरी हातानेच एकसंध ठेवावी लागते. थापण्याची लय तुटली, हात जड पडला, की कडेला चिरा जातात. अशा वेळी ‘पिठाची विरी गेली आहे’ असे म्हणण्याची सोय भाषेने करून ठेवली आहे, आणि कधीकधी ते खरेही असते.

ज्या घरांत चाखून पाहतात तेथे तिसरी वाट संभवते, ती जिभेची. ब्रिस्टल येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मेंदूतील सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रिनलिन या द्रव्यांचे प्रमाण औषधाने बदलले असता चव ओळखण्याची क्षमता बदलते असे दिसून आले. तसेच ज्या व्यक्ती स्वभावतः अधिक चिंताग्रस्त होत्या त्यांना कडू व खारट चव कळण्यास ती अधिक तीव्र असावी लागली. प्रयोग लहान होता आणि त्यात कोणी आमटी केली नव्हती. तरी चिंतेत असलेल्या बाईने चाखूनही मीठ अधिक घालावे, ही गोष्ट त्यामुळे अगदीच अशक्य कोटीतील राहत नाही.

येथवर आल्यावर भाषेच्या अभ्यासकाला एक मोह होतो. मराठीत चुलीवरच्या क्रिया आणि मनाच्या क्रिया यांचे शब्द मोठ्या प्रमाणावर एकच आहेत. मोहरी तडतडते आणि चिडका माणूसही तडतडतो; आमटी खदखदते आणि असंतोषही; दूध नासते, डोके बिघडते, उत्साहावर विरजण पडते, माया आटते, आनंद उतू जातो. ‘कढ’ या शब्दाची तर बातच निराळी : दुधाला कढ येतो तसाच रडण्याचाही येतो. या सामग्रीवरून ‘पाहा, मराठी मनाने स्वयंपाक आणि भावना एकच मानल्या आहेत’ असा निष्कर्ष काढणारे लेख आपण वाचलेले आहेत. मला तो निष्कर्ष उतावळा वाटतो. क्रोधाला उष्ण द्रवाचे रूप देण्याची रीत अनेक भाषांत आहे. अमेरिकन भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजीच्या आधाराने तिची सविस्तर मांडणी केली आहे. रूपकावरून एवढेच कळते की मनाविषयी बोलताना आपण चुलीकडून शब्द उसने घेतो. मनामुळे चुलीवर काय घडते, याविषयी भाषेचे मत पाहावयाचे असेल तर शब्दांपेक्षा वाक्यरचनेकडे पाहिले पाहिजे.

बिघाडाची क्रियापदे एकत्र मांडून पाहू. भाजी करपली. भात खाली लागला. दूध उतू गेले. पाक पुढे गेला. पीठ सैल झाले. फोडणी जळली. ही सर्व अकर्मक आहेत. त्यांत करणारीचा मागमूस नाही. यशाचे वर्णनही बहुधा असेच होते : भाजी छान झाली, करंज्या जमल्या, पाक साधला. नवरा ताटावरून विचारतो, ‘आज आमटीला काय झालंय?’ जणू आमटी आजारी आहे. ही सभ्यतेची रचना होय. तिच्यात दोष पदार्थावर ठेवून माणसाला मोकळे सोडले जाते. परंतु त्याच क्रियापदाला ‘-व-’ हा प्रत्यय लागला की चित्र पालटते. ‘अगं, भाजी करपवलीस?’ या वाक्यात भाजी कर्म होते आणि सून कर्ता. करपली आणि करपवली यांत रासायनिक भेद कोणताच नाही. कढईत तीच भाजी आहे. भेद आहे तो जबाबदारीचा, आणि कोणता प्रयोग करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार बहुधा खाणाऱ्याकडे असतो.

या दोन टोकांच्या मधोमध मराठीने तिसरी रचना ठेवली आहे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘आई, आज माझ्या हातून मीठ जरा जास्त पडलंय हो.’ या वाक्यात बोलणारी स्वतःला वगळत नाही. पण ती कर्त्याच्या जागीही बसत नाही. क्रियापद ‘पडणे’ हे अकर्मकच आहे. मीठ पडले, हात हे त्याच्या पडण्याचे निमित्त झाले. ‘मी मीठ जास्त घातले’ असे ती म्हणाली असती तर हेतूचा प्रश्न उद्भवला असता. ‘मीठ जास्त झाले’ असे म्हणाली असती तर टाळाटाळ वाटली असती. ‘हातून’ या शब्दयोगी अव्ययाने कृती आणि इच्छा यांच्यातील नेमकी फट दाखविली जाते, आणि मनःस्थितीचा परिणाम म्हणून आपण ज्याला ओळखतो तो याच फटीत घडतो. ‘हातून’ हे मुळात केवळ अपघाताचे अव्यय नाही; एखाद्याच्या हातून पुण्यही घडते, थोर कार्यही घडते. पण स्वयंपाकघरात आले की ते बहुशः चुकीकडे झुकते. करंज्या उत्तम झाल्या तर ‘मला आज जमल्या’ असे म्हणतात, ‘माझ्या हातून जमल्या’ असे क्वचितच.

गुणाचे श्रेय देण्यासाठी हाताचेच दुसरे रूप वापरले जाते : ‘हातचे’. ‘आईने केलेले थालीपीठ’ आणि ‘आईच्या हातचे थालीपीठ’ यांत फरक आहे. पहिल्यात एक घटना आहे. दुसऱ्यात एक कायमचा गुण. हातून घडते ते एका दिवसाचे, हातचे असते ते जन्माचे. म्हणून ‘आज तिच्या हातचे बिघडले’ यापेक्षा ‘आज तिच्या हातून बिघडले’ हे कानाला अधिक बरोबर वाटते. स्तुती स्वभावाच्या खात्यावर आणि चूक त्या दिवसाच्या मनाच्या खात्यावर, अशी ही जमाखर्चाची पद्धत दिसते.

येथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘हातचे’ या शब्दाचा इतिहास केवळ मायेचा नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, ही जातिव्यवस्थेची भाषा याच शब्दाने बोलली गेली आहे. करणाऱ्या व्यक्तीचे काहीतरी अदृश्य असे अन्नात उतरते, ही कल्पना मायेच्या बाबतीत गोड वाटते. पण तीच कल्पना माणसांना पंगतीबाहेर ठेवण्यासाठीही वापरली गेली. ‘हाताला चव’ या वाक्प्रचाराचे कौतुक करणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही प्रयोग एकाच कार्डावर टिपून ठेवावेत.

आता शक्यार्थाकडे वळू. आपल्या व्याकरणपरंपरेत ‘शक्य क्रियापद’ म्हणून ओळखले जाणारे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे : आजीला आता चालवते, मला बसवत नाही. स्वयंपाकाच्या संदर्भात त्याचे नकारार्थी रूप फार ऐकू येते. ‘आज मला काही करवत नाही’, ‘तिला पोळ्या लाटवेनात’. या वाक्यांत हातपाय धड असतात, पीठ मळलेले असते, तवा तापलेला असतो. अडते ते मन. न करण्याचा निर्णय आणि करता न येण्याची असमर्थता यांच्या मधली अवस्था हे रूप सांगते. ‘मी करणार नाही’ ही बंडखोरी झाली असती. ‘करवत नाही’ हे निवेदन आहे, आणि निवेदनाला क्षमा असते. गमतीची बाब अशी की येथेही तोच ‘-व-’ दिसतो जो ‘करपवली’ मध्ये होता. एकाच प्रत्ययरूपाने एका वाक्यात प्रयोजक होऊन दोष माथी मारावा आणि दुसऱ्या वाक्यात शक्यार्थक होऊन सुटका करावी, हा योगायोग असला तरी वर्गात उदाहरण म्हणून सांगण्याजोगा आहे. भेद विभक्तीने कळतो : ‘तिने’ म्हटले की आरोप, ‘तिला’ म्हटले की करुणा.

अलीकडे या जागेवर इंग्रजीतून आलेला ‘मूड’ हा शब्द बसू लागला आहे. ‘आज स्वयंपाकाचा मूड नाही.’ तो शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. प्रश्न असा की तो कोण वापरू शकतो? मूड असणे आणि नसणे यांत निवडीचा गर्भितार्थ आहे. रविवारी हौसेने मटण करणारा गृहस्थ ‘आज मूड आलाय’ असे सहज म्हणतो, आणि मूड न आल्यास काही अडत नाही. जिला रोज दोन वेळा चूल पेटवायचीच आहे ती ‘जिवावर आलंय’ असे म्हणते आणि कणीक मळावयास घेते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के व पुरुषांपैकी २६.१ टक्के विनावेतन घरकामात सहभागी असल्याचे आढळले. सहभागी स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ गेला. प्रस्तुत लेखात ‘करणारी’ असे स्त्रीलिंगी रूप योजले आहे, त्याचे कारण या आकड्यांत आहे. लग्नाच्या जेवणात मीठ कमी पडले तर आचाऱ्याचे काही बिनसले होते काय, अशी चौकशी कोणी करीत नाही. सामानाची यादी कोणी केली, हे विचारतात. मनःस्थितीचा सिद्धान्त आपण घरच्या बाईपुरताच राखून ठेवला आहे. त्यामुळे तिच्यावर दोन कामे पडतात : स्वयंपाक करणे, आणि तो करताना प्रसन्न असणे.

भावदुष्टतेचा जो धागा मागे सोडला होता तो येथे उचलला पाहिजे. मानसशास्त्रज्ञ कर्ट ग्रे यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात सर्वांना सारखीच गोळी खावयास दिली. मात्र काहींना दिलेल्या चिठ्ठीत देणाऱ्याचा स्नेहभाव व्यक्त केला होता आणि काहींना दिलेल्या चिठ्ठीत बेफिकिरी. स्नेहाची चिठ्ठी वाचलेल्यांना गोळी अधिक चांगली आणि अधिक गोड लागली. गोळी तीच होती. म्हणजे हात, काल आणि जीभ यांच्याव्यतिरिक्त मनःस्थितीला अन्नात शिरण्याची आणखी एक वाट आहे आणि ती शब्दांची आहे. भांडी आदळल्याचा आवाज माजघरात ऐकू आला की आमटी ताटात येण्यापूर्वीच तिची चव ठरू लागते. उलट ‘गोड मानून घ्या’ हे यजमानिणीचे वाक्य केवळ औपचारिक नसून त्या चिठ्ठीचेच काम करीत असावे. सूत्रकारांनी शिळ्या अन्नाशेजारी भावदुष्ट अन्न ठेवले ते, निदान खाणाऱ्याच्या जिभेपुरते, अगदीच निराधार नव्हते असे म्हणता येईल.

छापील पाककृतींच्या भाषेत मात्र या सर्वांचा मागमूस नसतो. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी आणि चमचा ही मापे घरोघर नेली आणि नवशिक्या मुलींची मोठीच सोय झाली. पाककृतीचे क्रियापद विध्यर्थी असते : कांदा परतावा, मीठ घालावे, झाकण ठेवावे. करणारा वाक्यात नसतो, म्हणून त्याचे मनही नसते. १९५९ च्या सुमारास आपल्याकडे प्रेशर कुकर तयार होऊ लागले. त्यात पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि वेळ शिट्ट्यांनी मोजता येतो. पाणी आणि शिट्ट्या नीट ठरल्या की डाळीच्या शिजण्यात लक्षाला फारसा वाव उरत नाही. फोडणी मात्र अजून कोणत्याही शिट्टीवर होत नाही. त्यामुळे आजच्या घरात वरणाविषयीची वाक्ये आणि फोडणीविषयीची वाक्ये निराळ्या घडणीची होऊ लागली आहेत. ‘दोनच शिट्ट्या झाल्या, म्हणून डाळ कच्ची राहिली’ यात कारण आकड्यात आहे. ‘हातून फोडणी जळली’ यात ते अजून मनात आहे. बोलींचे नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या वाक्यांकडे लक्ष पुरविल्यास पुष्कळ सामग्री मिळेल. ती टिपताना वाक्य कोणी उच्चारले, करणारीने की खाणाऱ्याने, आणि पहिला घास घेण्यापूर्वी की नंतर, ही नोंद वाक्याबरोबर अवश्य असावी.